तीन उंचवट्यांची सळई

१

कपाटाचं दार नुसतं लोटलेलं होतं. मधला कप्पा रिकामा होता, आणि दाराच्या कुलपात पोलादाचा एक बारीक तुकडा अडकून बसला होता.

"कुणी हात लावू नका," रूली म्हणाली. रूली त्या वस्तीच्या सभागृहाची व्यवस्थापक. असं म्हणताना तिने स्वतःच दाराची मूठ घट्ट धरून ठेवली होती. "विट्स्के, तू बघ बाई. हे तुझ्याच कामातलं आहे."

विट्स्के हुक्स्त्राने ओला रेनकोट खुंटीला अडकवला आणि मनातल्या मनात एक शिवी हासडली. उभी हयात तिने पोलिसांच्या प्रयोगशाळेत चोरांच्या हत्यारांचे ओरखडे भिंगाखाली बघण्यात घालवली होती. त्यात मान गेली, डोळे गेले, आणि नवराही कंटाळून गेला. निवृत्त झाल्यावर ती ख्रोनिंगनच्या या मंगळवार मंडळात यायला लागली, कारण इथे लोक गंमत म्हणून किल्लीशिवाय कुलपं उघडतात. कुणाचं काही चोरीला जात नाही, आणि कॉफी बरी असते. म्हणजे आजवर तरी असंच होतं.

तिने वाकून पाहिलं. तुकड्यावर तीन गोल उंचवटे होते, तिन्ही वर छताकडे तोंड करून. तिने चिमट्याने तुकडा हलकेच ओढून घेतला आणि रुमालावर ठेवला.

"काय गेलंय?" तिने विचारलं, पण उत्तर तिला ठाऊक होतं.

"हट्टी," गेर्बेन म्हणाला. गेर्बेन डायकेमा, मंडळाचा अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचा ताठ म्हातारा. त्याचा आवाज अगदी बसला होता.

'हट्टी' हे मंडळाच्या संस्थापकाचं, हार्मचं, स्वतः घडवलेलं कुलूप. आतल्या सहाही पिना, किल्लीच्या दातांनी सरकणाऱ्या बारीक खुंट्या, त्याने आपल्या हाताने कातल्या होत्या. आजवर ते एकट्या गेर्बेनने उघडलं होतं, तेही ऐन उमेदीत, घरी नेऊन. त्याच जोरावर हार्मने त्याला आपल्या मागे अध्यक्ष केलं. येत्या शनिवारी मंडळाचा खुला दिवस होता, आणि इलियास सगळ्यांसमोर हट्टीवर हात चालवणार होता.

लामर्ट पुढे सरकला. लामर्टला कुलपं आणि हत्यारं गोळा करायचा नाद होता, आणि त्याची जीभही तशीच मोकाट. "कुलूप उघडायच्या सळईचं, रेकचं, टोक आहे. तीन गोल उंचवटे म्हणजे बोगोटा जातीचा रेक. आणि आपल्यात बोगोटा कोण वापरतो, ते मी कशाला सांगू?"

सगळ्यांच्या माना इलियासकडे वळल्या.

इलियास अझ्झूझी बत्तीस वर्षांचा, कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कामाला. तो जवळ आला, रुमालावर वाकला आणि पांढराफटक पडला.

"माझाच आहे तुकडा," तो म्हणाला.

२

कुलूप किल्लीशिवाय उघडायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे बारीक आकडा आत घालून एकेक पिन चाचपायची आणि जागी बसवायची. दुसरी म्हणजे उंचवट्यांची सळई आत सारून ती घासायची, म्हणजे सगळ्या पिना एकदम नाचतात आणि त्या नाचातच जागी बसतात. ती सळई म्हणजे रेक. आकडेवाले रेकवाल्यांना जरा खालच्या पंगतीला बसवतात, आणि रेकवाले आकडेवाल्यांना म्हातारे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी विट्स्के इलियासला भेटली ती त्याच्या गाडीत. बाहेर वारा असा सुटला होता, की सायकलवाले उतरून सायकल ढकलत होते. इलियासने तळलेला अंड्याचा गोळा अर्धा खाऊन पुड्यात ठेवून दिला होता.

"रस्ते झाडायच्या यंत्राच्या ब्रशाचे पोलादी केस गळून पडतात ना, बाई, ते मी गोळा करतो. कानशीने घासतो, मग आरशासारखे चमकवतो. हा मंगळवारी मोडला, मागच्या. मी तो भंगाराच्या डब्यात टाकला. टेबलाखालच्या. सगळ्यांच्या देखत."

"डबा सगळ्यांच्याच हाताशी असतो," विट्स्के म्हणाली.

"पण नाव माझं एकट्याचंच येतं!" तो एकदम उसळला, मग ओशाळला. "लामर्टने माझ्या मालकाला फोन केला. बेरेंड वाईट माणूस नाही. पण म्हणाला, निकाल लागेपर्यंत घरी बस. शुक्रवारी सभागृह चालवणाऱ्या संस्थेची बैठक आहे. रूली म्हणते, तोवर काही कळलं नाही तर पोलिसात तक्रार द्यावीच लागेल, आणि त्यात माझं नाव येणार. पुढच्या महिन्यात माझा चांगल्या वर्तणुकीचा दाखला नवा करायचाय. तो नाही मिळाला तर या धंद्यात मला कुणी दारात उभं करणार नाही. कुलूपवाला, आणि त्याच्यावर कुलूपचोरीचा आळ! हसतील लोक."

विट्स्के हसली नाही. तिला झोप येत होती, आणि त्या पोराची दयाही येत होती, आणि या दोन्हींचा तिला राग येत होता.

"मागच्या मंगळवारी हट्टीवर बसला होतास ना? काय झालं?"

एवढ्याशा प्रश्नानेही त्याचा चेहरा उजळला. "जवळजवळ उघडलंच होतं! पाच पिना काय भांडखोर आहेत, बाई. हार्मने त्यांच्या अंगावर खाचा पाडल्यात, बसल्याचं नाटक करतात नुसतं. पण सहावी गरीब. अगदी साधी, दुकानातल्या कुलपासारखी. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, हार्म शेवटी शेवटी दमला वाटतं! सगळे हसले."

"सगळे?"

इलियासने आठवून पाहिलं. "गेर्बेन उठून कॉफी आणायला गेले होते, बहुतेक."

३

लामर्टच्या घरी भिंतीवर कुलपं आणि काचेखाली सळया. त्याने विट्स्केला कॉफी दिली, बिस्किटाचा डबा एकदा पुढे केला आणि झाकण लावून टाकलं.

"हार्मच्या मुलीकडे हट्टी विकत मागितलं होतंस म्हणे तू," विट्स्केने सरळच काढलं.

"मागितलं. ती नाही म्हणाली. म्हणून काय मी फोडाफोडी करेन? अगं, मला कपाटाचं कुलूप उघडताच येत नाही! मी जमवतो. उघडतो कमी." त्याचे कान लाल झाले. "आणि मालकाला फोन केला ते माझं कर्तव्य होतं."

"कर्तव्य नव्हतं. उतावीळपणा होता."

विट्स्केने पर्समधून कापडाची गुंडाळी काढून टेबलावर पसरली. आत चार रेक होते. "ओळख."

"परीक्षा घेतेस होय?" पण त्याचा हात आपोआप पुढे गेला. "हा साप. दोनच वळणं, लांबट, पिनांवर सरळ लांब ओरखडा उठवतो. ही लाट, पाच उंचवटे, सगळे एका उंचीचे. हे शहर, बघ, घरांच्या छपरांसारखे चौकोनी दात, हे घासत नाहीत, झुलवतात. आणि हा बोगोटा. तीन उंचवटे, टोकाकडचा बुटका, मागचे चढत गेलेले, धार कुठेच नाही. दुकानातला असला तर एका कडेला साच्याचा कंगोरा राहतो. इलियासचा हाताने घासलेला, त्याला कंगोरा नाही. मी तुकडा बघितल्याबरोबर ओळखलं, उगाच नाही."

"उगाच नाही," विट्स्केने मान्य केलं.

परतताना ती सभागृहात डोकावली. रूली खुर्च्या रचत होती. कपाटाच्या किल्ल्या दोनच, तिने सांगितलं. एक तिच्या जुडग्यात, एक गेर्बेनच्या गळ्यातल्या दोरीला.

"आणि माझ्यावर संशय असेल तर स्पष्ट सांग," रूली कमरेवर हात ठेवून म्हणाली. "त्या गंजक्या कुलपाचं मी काय लोणचं घालू? मला या मंडळाचं भाडं तेवढं वेळेवर मिळतं, तेच माझं सुख."

"किल्ली लावून दाखव जरा."

रूलीने न बघताच किल्ली लावली, दात खाली करून, सवयीने.

"हे कुलूप मी खोलून घेऊन जाते. शुक्रवारी परत बसवून देईन," विट्स्के म्हणाली. एक स्क्रू काढला आणि पितळेचं ते नळकांडं तिच्या हातात आलं. पोट फुगलेलं, पिना त्या पोटात, खालच्या अंगाला. तिने ते खिशात टाकलं.

त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते खोललं, पिना पांढऱ्या बशीत मांडल्या आणि भिंग डोळ्याला लावलं. मान दुखायला लागली तरी ती बघत राहिली. मग तिने भिंग खाली ठेवलं.

तिने मनाशी ज्याला चोर ठरवून टाकलं होतं, तो चोर नव्हता.

४

गेर्बेनच्या घरी सगळं जागच्या जागी होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी दोन कप टेबलावर उपडे ठेवलेले. त्याने विट्स्केला बसवलं आणि स्वतः खिडकीशी उभा राहिला.

"त्या पोराचं वाईट वाटतं," तो म्हणाला. "गुणी आहे. पण खरवडणाराच शेवटी. खरवडण्यात कसब कसलं? कोंबडीसुद्धा खरवडते."

"तू कधी रेक वापरलाच नाहीस?"

"हातात धरला नाही. हार्मने मला आकड्यावर तयार केलं."

"आणि दारावर बसवलेलं कुलूप कधी उघडलंस? किल्लीशिवाय?"

गेर्बेन दुखावल्यासारखा वळला. "विट्स्के! मंडळाचा पहिला नियम काय? वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही, स्वतःच्या दाराचं असलं तरी नाही. मी तो हयातभर पाळलाय. टेबलावर, हार्मच्या लाकडी स्टँडवर जे अडकवलेलं असेल, तेवढंच."

"हो. ते मला ठाऊक आहे." तिने कापड पसरलं. "मला अहवाल लिहायचाय, रूलीसाठी. माझे डोळे दगा देतात हल्ली. त्या तुकड्यासारखा यातला कुठला, सांगशील?"

गेर्बेनने चष्मा लावला. बोट सापावरून लाटेवर गेलं, मागे आलं, पुन्हा लाटेवर थांबलं. "हा. हाच. नाही, थांब... अगं, सगळे सारखेच तर असतात!"

विट्स्केने कापड गुंडाळलं. या माणसाने तिला मंडळातल्या पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून दिली होती, आणि तिच्या थरथरत्या बोटांकडे बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

"उद्या संध्याकाळी ये सभागृहात," ती म्हणाली. "बैठकीच्या आधी. सगळ्यांना बोलावते."

"काही कळलं का?"

"हो," विट्स्के म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता निघाली.

५

सगळे आले. रूली, लामर्ट, गेर्बेन, आणि दाराजवळ, कोट न काढताच, इलियास. विट्स्केने बशी टेबलावर ठेवली.

"मी दमलेय, तेव्हा एकदाच सांगते. मध्ये बोलू नका. या कपाटाच्या कुलपाच्या पिना. रेक कुठलाही असो, साप असो की बोगोटा, पिनांच्या डोक्यावर ओरखडे उठवतोच. चमकवलेला असला तर बारीक उठतील, पण उठतील. इथे एकही नाही. किल्लीने होते ती झीज आहे, गुळगुळीत, बाकी काही नाही. हे कुलूप कुणी सळईने उघडलंच नाही. ते किल्लीने उघडलं, आणि तुकडा मागाहून खोचला."

"किल्ल्या दोनच!" लामर्ट म्हणालाच.

"बोलू नकोस म्हटलं ना? दोनच. रूलीची आणि गेर्बेनची. आता तो तुकडा. तो मी ओढला तेव्हा त्याचे उंचवटे वर होते. आपल्याकडे दाराच्या कुलपात पिना खाली असतात. वर उंचवटे करून घासलं तर वरच्या कोऱ्या पितळेवर घासलं जाईल, पिनेला स्पर्शसुद्धा होणार नाही. इलियास रोज चार दारं उघडतो. त्याच्या हातून झोपेतही असं व्हायचं नाही. रूली सळई कशाशी खातात हे जाणत नाही, ती किल्लीसारखेच दात खाली करून खोचेल. उलटं कोण खोचेल?" तिने टेबलावरच्या लाकडी स्टँडकडे हात केला. हार्मच्या त्या स्टँडवर कुलूप पोट वर करूनच अडकवलेलं होतं. तसं का, हे एक हार्मलाच माहीत. "ज्याने जन्मात कधी दारावरचं कुलूप सळईने उघडलं नाही, फक्त इथे, पिना वर असलेल्या कुलपांवरच हात बसवला, तो. हातात किल्ली असली की त्याचा हात तुमच्या-आमच्यासारखाच चालतो. सळई आली की हात स्टँडवरचा होतो. इतका प्रामाणिकपणे नियम पाळणारा आपल्यात एकच आहे."

लामर्टही नियम पाळत होता, पण त्याच्याकडे किल्ली नव्हती. ते सगळ्यांनाच कळलं. कुणीही गेर्बेनकडे बघायला धजेना.

"खोटं आहे हे," गेर्बेन म्हणाला. पण म्हणता म्हणता तो खाली बसला.

"का केलंस, तेही सांगू? इलियास म्हणाला, सहावी पिन साधी आहे. हार्म साधी पिन घालणारा माणूस नव्हता. शनिवारी हट्टी उघडलं असतं, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे लगेच खोलून पिना ताटात मांडल्या असत्या. हार्म जिवंत असेपर्यंत त्याने ते कुणाला खोलू दिलं नाही. आता अडवणारा कुणी नव्हता."

मग गेर्बेन उठला, बाहेर आपल्या सायकलच्या पिशवीपाशी गेला, आणि फडक्यात गुंडाळलेलं कुलूप आणून टेबलावर ठेवलं.

"मागून फोडलं होतं मी," तो म्हणाला. "पिनांवरच्या टोप्या काढून. आठवडे गेले, उघडेना, आणि हार्म रोज विचारायचा. बसवताना एक पिन हरवली. दुकानातली घातली. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, विट्स्के, आणि मला सांगता आलं नाही. फेकूनही देता येईना. कालव्यावर जाऊन उभा राहिलो दोनदा. त्याच्या हातचं आहे ते."

"आणि इलियास?" रूलीने विचारलं. तिचा आवाज कडक होता.

"त्याला अडकवायचं मनात नव्हतं! डब्यात हात घातला, जो तुकडा लागला तो घेतला. मला काय ठाऊक कुणाचा कुठला! मला वाटलं, बाहेरचा कुणी चोर समजतील."

"ते खरं आहे," विट्स्के म्हणाली. "काल मी तुला रेक ओळखायला दिले ते त्यासाठीच. तुला बोगोटा आणि लाट यातला फरक कळत नाही. तू त्या पोराला मुद्दाम गुंतवलं नाहीस. पण लामर्टने नाव घेतलं तेव्हा तू इथेच उभा होतास. तेव्हापासून त्याची नोकरी टांगणीला लागली आहे, आणि तू गप्प आहेस."

"उशीर झाला होता."

"नव्हता झाला, गेर्बेन."

लामर्टने कुलूप खोललं. ताटात पिना एकेक करून आल्या, पाच खाचांच्या, देखण्या, आणि सहावी साधी. कुणीही वाहवा केली नाही.

६

विट्स्केने गेर्बेनसमोर फोन ठेवला. त्याने बेरेंडचा नंबर मागितला आणि उभं राहूनच सगळं सांगितलं, आपल्या नावासकट, काही न गाळता. मध्ये एकदा त्याचा आवाज फुटला, तेव्हा त्याने थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग लामर्टनेही फोन घेतला आणि माफी मागितली, तोंडातल्या तोंडात का होईना. रूली म्हणाली, कुलूप परत आलं, तेव्हा संस्थेत तक्रारीचं काही कारण उरलं नाही. बेरेंडने इलियासला सोमवारपासून कामावर यायला सांगितलं होतं.

मग सगळे एकदम त्याच्याभोवती जमले. मला तर वाटलंच होतं, आम्हाला कधी शंकाच आली नाही, तुझ्यासारखा मुलगा, वगैरे. लामर्टसुद्धा त्यात होता. इलियास मान डोलावत राहिला आणि हळूहळू दाराकडे सरकला.

विट्स्के त्याच्या मागोमाग बाहेर आली. पाऊस थांबला होता, वारा मात्र तसाच. गाडीचं दार उघडून तो थांबला.

"बाई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तुम्हालाही वाटलं होतं का, की मीच केलं असेल?"

विट्स्केला खोटं बोलता आलं असतं, आणि त्या पोराला ते कदाचित हवंही होतं. पण तिला आता खोट्याचा इतका वीट आला होता, की ते तोंडातून निघेना.

"हो," ती शेवटी म्हणाली. "तुकडा तुझा आहे असं तू म्हणालास ना, तेव्हाच ठरवून टाकलं होतं मी. तुझ्याशी गाडीत बोलले तेव्हाही. पिना बघेपर्यंत."

इलियासने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आत सगळे म्हणतात, त्यांना कधी वाटलंच नाही," तो म्हणाला. "तुम्ही तरी खरं बोललात."

"मंगळवारी येशील ना?"

तो गाडीत बसला, पट्टा लावला आणि काच थोडी खाली केली. "सोमवारी कामावर जाईन, बाई. दारं उघडायला लोक मला घरात घेतात. तेवढं टिकलं, तेच पुष्कळ झालं. मंगळवारी आता घरीच बसेन."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. विट्स्केला फार लाज वाटली. आत परत जाऊन कॉफी प्यायची तिची हिंमत झाली नाही. रेनकोट आतच राहिला होता, तरी तिने तशीच सायकल काढली आणि वाऱ्याला तोंड देत घरी गेली.